'प्रेज'ला मराठीत काय म्हणायचं? कौतुक, स्तुती, दाद, वाखाणणी: हे शब्द आले कुठून?

कृष्णाकाठची (सांगली)

मुलगी सातवीत आहे. परवा तिच्या इंग्रजीच्या वहीत भाषांतराला एक वाक्य होतं, आजोबांनी नातीला 'प्रेज' केलं अशा अर्थाचं. तिनं लिहिलं, 'आजोबांनी नातीचं कौतुक केलं.' वही तपासून आली तर 'कौतुक'वर लाल रेघ आणि वर 'स्तुती'. म्हणजे बरोबर वाक्य काय, तर 'आजोबांनी नातीची स्तुती केली.' अर्धा गुण गेला.

गुणाचं मला काही नाही. पण ते वाक्य दोन-तीनदा मोठ्यानं वाचून पाहिलं आणि दर वेळी अडखळले. माझे सासरे माझ्या मुलीची स्तुती करताहेत हे चित्रच डोळ्यांपुढं येत नाही. स्तुती म्हटलं की मला देवघर आठवतं, नाहीतर निवडणुकीतलं व्यासपीठ. मुलगी विचारते, "आई, पण माझं चुकलं कुठं?" आणि मला नीट उत्तर देता येईना. 'कानाला बरं वाटत नाही' हे काही कारण नव्हे.

म्हणून इथं विचारते. कौतुक, स्तुती, प्रशंसा, तारीफ, शाबासकी, दाद, वाहवा, वाखाणणी, एवढे शब्द आहेत आपल्याकडे. सगळे एकच का? कुठून आले? कुणी कुणासाठी कुठला वापरायचा हे कशावरून ठरतं? आणि मुळात इंग्रजीतला 'प्रेज' तरी कुठला?

शब्दवेडा (सातारा)

ताई, मुलीचं उत्तर बरोबर आहे, हे आधी तिला सांगा.

'कौतुक'पासून सुरुवात करतो, कारण हा शब्द फार लांबून चालत आलाय. संस्कृतात 'कुतुक' म्हणजे उत्सुकता, नवल. त्यावरून कौतुक. 'कुतूहल' त्यांच्याच भावकीतलं. म्हणजे मुळात या शब्दात कुणाला चांगलं म्हणणं नाहीच. डोळे मोठे करून बघणं आहे. हिंदीत आजही कौतुक म्हणजे नवलाची गोष्ट, खेळ. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात 'माझा मराठाचि बोलु कौतुकें' येतं, तिथंही अर्थ स्तुतीचा नाही, लीलेनं, सहज खेळता खेळता असा आहे. ही 1290 सालची मराठी. नवल, मग खेळ, मग लाड, आणि मग ज्याचं नवल वाटलं त्याच्याबद्दल चार चांगले शब्द, अशा पायऱ्या मला दिसतात.

संस्कृतात कौतुकाचा आणखी एक अर्थ आहे आणि तो मला सगळ्यात आवडतो. लग्नात मनगटाला बांधायचा मंगल दोरा, त्यालाही कौतुक म्हणत. रघुवंशाचा आठवा सर्ग तिथंच सुरू होतो: अजाच्या हातातलं विवाहकौतुक अजून सुटलेलंही नाही, तोवर रघूनं राज्यही त्याच्या हाती सोपवलं. आपल्याकडं दोऱ्यात हळकुंड ओवून नवरा-नवरीच्या हाताला कंकण बांधतात, तेच हे. सांगलीकरांना हळकुंड काय, हे मी सांगायला नको.

विट्याची लेक (पुणे, माहेर विटा)

वा, दोऱ्याचं माहीत नव्हतं. पण ऐकल्याबरोबर पटलं, कारण आमच्याकडं कवतिक हे बोलायचं नसतंच, करायचं असतं.

माझ्या भाच्याचं बोरन्हाण डोळ्यांपुढं आलं. वर्षाचं बाळ. काळं झबलं, गळ्यात हलव्याचा हार, डोक्यावर हलव्याचाच मुकुट. पाटावर बसवलेलं. आत्यानं वाटीतून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा डोक्यावरून सोडल्या आणि गल्लीतली पोरं त्यावर तुटून पडली. बाळ आधी दचकलं, मग एक बोर मुठीत धरून ते निरखत बसलं. 'गोरा आहे, हुशार आहे' असं अवाक्षर कुणी काढलं नाही. तरी घरी जाताना प्रत्येक बाई म्हणाली, "बाळाचं छान कवतिक झालं." नव्या जावयाचं कौतुक, पहिलटकरणीचं कौतुक, सगळीकडं हेच. ताट वाढायचं, ओटी भरायची, नेसवायचं, सजवायचं.

ताईंच्या प्रश्नाचं एक उत्तर इथं आहे असं मला वाटतं. कौतुक मोठ्याकडून धाकट्याकडं येतं, किंवा बरोबरीच्या माणसाचं होतं, आणि त्यात माया असावीच लागते. स्तुती खालून वर जाते. देवाची, राजाची, साहेबांची. 'मी साहेबांचं कौतुक केलं' म्हणा बघू, साहेब लगेच कुणीतरी लहान होऊन बसतात. आणि आजोबांनी नातीची स्तुती केली म्हटलं की आजोबा हात जोडून उभे!

अजून एक. वडिलांनी पासष्टीत पोहायला शिकायचं ठरवलं तेव्हा मी सगळ्यांना सांगायचे, "मला बाबांचं फार कौतुक वाटतं." वाटतं. 'मी बाबांचं कौतुक केलं' असं तोंडातून आलं नसतं. कौतुक वरच्या दिशेला जाताना 'करणं' सोडून 'वाटणं' होतं. हे कुठल्या व्याकरणात असतं कोण जाणे, पण आपल्याकडं शाळेत न गेलेली बाईसुद्धा यात चुकत नाही.

गडपायथा (सातारा)

स्तुतीची बाजू मांडतो, कारण तिला उगाच व्यासपीठावर नेऊन बसवलंय.

धातू 'स्तु'. त्यावरून स्तुती, स्तवन, स्तोत्र. आणि त्यावरूनच प्रस्ताव, प्रस्तावना, प्रस्तुत. सामगायनात सुरुवातीचा जो भाग गातात त्याचं नाव प्रस्ताव, तो गाणारा प्रस्तोता. ग्रामसभेत कुणी उठून 'मी प्रस्ताव मांडतो' म्हणतो, तेव्हा एका फार जुन्या गाण्याचं पहिलं चरण त्याच्या तोंडी असतं.

'स्तोम' तर आपण रोज वापरतो. ऋग्वेदात स्तोम म्हणजे स्तुतीचं सूक्त. पुढं अर्थ झाला ढीग, राशी. आणि मराठीत आपण म्हणतो, 'कशाला एवढं स्तोम माजवायचं?' स्तुतीची रास लावली की तिचं काय होतं, ते या एका शब्दात आहे.

आम्ही सज्जनगडाच्या पायथ्याचे, त्यामुळे दासबोधाशिवाय पुढं जाता येत नाही. समर्थांनी ग्रंथारंभ झाल्याबरोबर पहिला दशक स्तवनाला दिलाय. गणेश, शारदा, सद्गुरू, संत इथपर्यंत कुणीही जाईल. त्यानंतर ते श्रोत्यांचं स्तवन करतात. मग कवेश्वरांचं, सभेचं, परमार्थाचं आणि शेवटी नरदेहाचं. समोर बसून ऐकणाऱ्या माणसाचं स्तवन! माझ्या आजोबांच्या पारायणात तो समास आला की ते पोथीवरून डोळे उचलून आम्हा नातवंडांकडं बघत, कारण श्रोते म्हणजे आम्हीच तिघं-चौघं. तेव्हा पाठ आपोआप ताठ व्हायची.

आणि दुसरा दशक उघडताच मूर्खलक्षण. त्यात 'आपली आपण करी स्तुती' हा मूर्ख. तेव्हा विट्याच्या ताईंची 'खालून वर' ही गोष्ट बरोबर आहे, पण स्तुतीला हलकं समजू नका. ती दुसऱ्यासाठी वापरायची चीज आहे, एवढंच.

हळदसौदा (सांगली)

इंग्रजी शब्दाचं मी सांगतो. पोटापाण्याला अडतीवर आहे, पण वाचनाचा नाद जुना.

'प्रेज' फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याच्या मागं लॅटिनचा 'प्रेतियुम', म्हणजे किंमत. इंग्रजीतले 'प्राइस', 'प्राइझ', 'प्रेशस', 'अॅप्रिशिएट' हे सगळे त्या एकाच घरचे. 'प्रेज' करणं म्हणजे मुळात भाव ठरवणं. ताळेबंदात आपण घसारा लिहितो, तो 'डेप्रिसिएशन'सुद्धा त्याच घरचा.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला सौदाच आठवला. मार्केट यार्डात हळदीची रास लावलेली असते. खरेदीदार येतो, पोत्याकडं किंवा शेतकऱ्याच्या तोंडाकडं बघत नाही. राशीत कोपरापर्यंत हात घालून आतलं एक हळकुंड काढतो आणि मोडतो. नीट वाळलेलं असेल तर कडक आवाज येतो, ओल राहिली असेल तर नुसतं वाकतं. मग मोडलेल्या टोकाचा रंग उजेडात धरतो. अंगठ्यानं घासतो. हे सगळं पाच-सहा सेकंदांत. मग भाव बोलतो. 'छान आहे हो तुमचा माल' असं तो म्हणत नाही, म्हटलं तर त्याचाच तोटा. पण राजापुरी हळदीची चांगली रास असली आणि एकानं बोललेल्या भावावर दुसऱ्यानं चढ दिली, की शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी पंचवीस वर्षं बघतोय. नऊ महिने जमिनीत, मग उकडणं, वाळवणं, पॉलिश. त्या सगळ्याची पावती एका आकड्यात.

तेव्हा 'प्रेज'मध्ये किंमत आहे, पण किंमत म्हणजे पैसाच असं मला वाटत नाही. मोडून बघणं आहे त्यात.

अवांतर: आपली 'कदर'ही याच जातीची. अरबी 'कद्र' म्हणजे माप, मोल. 'कुदरत' आणि 'तकदीर' त्याच धातूवरचे.

शब्दवेडा (सातारा)

हळदसौदा, 'मोडून बघणं' हे फार मोलाचं सांगितलंत. माझ्या मनात जे घोळत होतं त्याला जागा मिळाली.

बघा, मराठीतल्या तीन शब्दांची गोष्ट हुबेहूब एक आहे.

वाखाणणे. हा संस्कृत 'व्याख्यान'. प्राकृतात 'वक्खाण' झाला, आपल्याकडं वाखाण. व्याख्यान म्हणजे उकलून सांगणं. त्याचं झालं चांगलं म्हणणं.

वानणे. 'किती वानू' मधला. हा 'वर्णन'. आहे तसं रंगवून सांगणं. त्याचंही झालं चांगलं म्हणणं.

तारीफ. अरबी 'तअरीफ'. धातूचा अर्थ जाणणे. तअरीफ म्हणजे ओळख करून देणं, व्याख्या करणं. म्हणून उर्दूत अनोळखी माणसाला अदबीनं विचारतात, 'आपकी तारीफ?' म्हणजे आपली ओळख? त्याच धातूवरचा आपला 'ऊर्फ', ज्या नावानं लोक ओळखतात तो. त्यावरचाच 'मार्फत'. आणि वीजबिलात 'टॅरिफ' लिहिलेलं असतं ना, तेही अरबीतूनच युरोपात जाऊन परत आलेलं. दर जाहीर करणारं पत्रक, म्हणजे पुन्हा माहिती देणंच.

व्याख्यान, वर्णन, तअरीफ. एकमेकांना न विचारता तिघांनी एकच वाट धरली: नीट ओळखून, नीट उकलून सांगितलं, की ते चांगलं म्हणणं होतं. मला वाटतं हे सगळ्या धाग्याचं मर्म आहे. 'छान', 'मस्त', 'अप्रतिम' हे शब्द न बघताही फेकता येतात. वाखाणायला मात्र आधी बघावं लागतं.

प्रशंसेचं राहिलंच. धातू 'शंस्', जाहीर म्हणणं, घोषित करणं. यज्ञात साम गात ते स्तोत्र, आणि 'होता' नावाचा पुरोहित ऋचा म्हणत असे ते 'शस्त्र'. या शस्त्राचा तलवारीशी संबंध नाही. लॅटिनमध्ये याच धातूचं भावंड आहे, ज्यावरून जनगणनेचा 'सेन्सस' आणि सिनेमाचा 'सेन्सॉर' आला. आणि 'प्रशस्त' म्हणजे मुळात प्रशंसा झालेलं, उत्तम. आपण त्याला मोकळं, ऐसपैस केलं. 'प्रशस्त हॉल' म्हणजे नावाजलेला हॉल! मराठी माणसाला मोकळी जागा एवढी प्रिय की उत्तमाचा अर्थच ऐसपैस झाला, असं मला आपलं वाटतं.

सरळसाधा (मिरज)

माहिती उत्तम. पण एक बोलू का? मुलांना शिकवताना स्तुती-प्रशंसा हेच शब्द शिकवावेत. तारीफ, शाबास, दाद, कदर हे बाहेरून आलेले. आपल्याकडं आपले शब्द असताना ते कशाला? त्या शिक्षकांचाही हेतू कदाचित हाच असेल, 'कौतुक' बोलीतलं वाटलं म्हणून.

लालमाती (कराड)

दादा, तुमचा आदर आहे, पण हे पटत नाही. 'कौतुक' संस्कृतच आहे हे वर आलंच. आणि शाबास तुम्ही कुठं बाहेर घालवणार? तालमीत पोरगं घामानं निथळत बाहेर येतं, वस्ताद त्याच्या मातीनं माखलेल्या पाठीवर थाप मारतो आणि म्हणतो, "शाबास!" तिथं 'प्रशंसनीय' म्हणून बघा. पोरगं मागं वळून बघंल, आणखी कुणाला म्हणताय म्हणून.

शाबास फारसी आहे. 'शाद बाश', आनंदात राहा. हा आशीर्वाद आहे! 'शाद' म्हणजे आनंदी, त्यावरूनच 'शादी'. वर कौतुकात लग्नाचा दोरा निघाला, इथं शाबासमध्ये लग्नाचा आनंद निघाला. मला तर हे वाचून भरून आलं.

आणि 'दाद'. हा शब्द मी कुणाला देणार नाही. फारसीत दाद म्हणजे न्याय. आपण कोर्टात दाद मागतो. दाद ना फिर्याद म्हणतो. आणि गाण्याला, कुस्तीला दाद देतो. एकच शब्द. मराठी माणसानं दोन्ही अर्थ सांभाळून ठेवलेत.

गोळेश्वर आमच्या शेजारचं गाव. पैलवान खाशाबा जाधव तिथले. 1952, हेलसिंकी, कुस्तीचा बॅन्टमवेट गट, कांस्यपदक. स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक. जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवलं. परत आले तेव्हा शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आमचे आज्जा त्या गर्दीत होते. सांगायचे, बैलांच्या शिंगांना झेंडूच्या माळा आन् धुरळा एवढा की पुढची गाडी दिसंना. ती दाद होती. पण दुसऱ्या अर्थाची दाद? 1984 ला अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर. दाद मिळाली, दाद लागली नाही. हे वाक्य तुम्ही 'प्रशंसा' वापरून लिहून दाखवा. नाही लिहिता येणार. म्हणून हा शब्द आमचा.

सरळसाधा (मिरज)

लालमाती, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. दादचं म्हणणं मान्य. मागं घेतो.

जवारी (मिरज)

सरळसाधा, तुम्ही मिरजेचे असून दाद नको म्हणालात तेव्हा मी लिहायला बसतच होतो!

आमच्या घरी तंबोरे होतात. भोपळा पंढरपूरकडून येतो, कोरणं-जोडणं घरात. सगळं झाल्यावर शेवटचं काम जवारीचं. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानसीनं अगदी हलक्या हातानं घासायचा. कमी झाला तर तार मुकी, जास्त झाला तर चिरकते. मग तारेखाली दोरा सरकवायचा. केसभर पुढं, केसभर मागं. एका ठिकाणी आवाज उघडतो. तंबोरा जणू स्वतःच गाऊ लागतो, एका तारेतून सात रंग.

माझे चुलते ते करत असताना एकदा एक बुजुर्ग गायक समोर बसले होते. दीड तास. चुलत्यांनी दोरा सरकवला, तार छेडली, आणि गायकांनी डोळे मिटून फक्त 'हं' केलं. बस. त्या 'हं'वर चुलत्यांनी आठवडा काढला. आम्हाला सांगायचे, "त्यांना कुठं उघडलं ते कळलं." वाहवा करणारे दुकानात रोज येतात. दाद म्हणजे नेमक्या जागी आलेलं 'हं'. जागेच्या आधी आलं तर खोटं, नंतर आलं तर शेजाऱ्याचं बघून केलेलं.

दर्ग्यात उरसाला उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं असतं. रात्रभर. मागं भिंतीला टेकून बसलेली चहावाली, फूलवाली माणसं कधीकधी अशी जागेवर दाद देतात की गाणारा मान वळवून बघतो. न्याय हाच शब्द बरोबर आहे. ज्याचं होतं ते त्याला दिलं.

दादचा तिसरा अर्थही आठवला. 'ताप औषधाला दाद देईना.' म्हणजे प्रतिसाद. दाद देणारा माणूस थोडा बदलावा लागतो, आत काहीतरी हलावं लागतं.

नाट्यपंढरी (सांगली)

5 नोव्हेंबर 1843. विष्णुदास भावे, सीतास्वयंवर, पटवर्धन सरकारांच्या आश्रयानं. सांगलीत मराठी नाटकाला जी पहिली दाद मिळाली तिची आठवण या धाग्यावर राहू नये म्हणून लिहितो.

संगीत नाटकात दाद म्हणजे 'वन्स मोअर'. गंमत बघा, हा इंग्रजी शब्द गावागावांतल्या प्रेक्षकांनी घेतला आणि त्यात 'छान' कुठंच नाही. 'पुन्हा' एवढंच आहे. पद पुन्हा म्हणा. हरिपूरचे नाटककार देवल ज्या काळात लिहीत होते त्या काळात प्रेक्षक हे हक्कानं मागायचे. मागून घेणं हीच पसंती.

आणि नाटकाच्या आरंभी नांदी. 'नन्द्' धातू, आनंद. 'अभिनंदन' त्याच धातूवरून. अभिनंदन म्हणजे दुसऱ्याच्या आनंदात आनंद मानणं. म्हणून अभिनंदन यशाचं होतं, गुणाचं नाही. 'पास झालास, अभिनंदन.' 'प्रामाणिक आहेस, अभिनंदन' असं म्हणत नाही.

तासगावची (तासगाव)

'मागून घेणं' वरून सांगते. आमच्या सासूबाईंनी एकवीस वर्षांत माझ्या कुठल्या पदार्थाला चांगलं म्हटलं नाही. पहिली दोन वर्षं मी मनातून फार खचले होते. मग हळूहळू त्यांची भाषा कळली. आमटी जमली की त्या पुन्हा ताट पुढं करायच्या. फार जमली की म्हणायच्या, "उद्याच्याला थोडी राखून ठेव." आणि एकदाच, पुरणपोळ्या झाल्यावर, शेजारणीला माझ्यासमोर म्हणाल्या, "बऱ्या झाल्यात." त्या दिवशी मी मागच्या दारी जाऊन रडले.

आमच्या भागात तोंडावर चांगलं म्हणायला माणसं भितात. दृष्ट लागते. बाळ गोंडस दिसलं तर "माझीच दृष्ट लागायची" म्हणून पदर फिरवून कानशिलावर बोटं मोडायची, गालाला काजळाची तीट लावायची, संध्याकाळी मीठ-मोहरी उतरून चुलीत टाकायची. तेव्हा 'आमच्याकडं कौतुक करत नाहीत' असं जे शहरातली मुलं म्हणतात ना, ते खरं नाही. जपून करतात. उघड्यावर ठेवत नाहीत.

पण एक कबूल करते. माझ्या मुलाला मी तोंडानं सांगते. रोज. त्यानं एकवीस वर्षं अर्थ लावत बसू नये.

विट्याची लेक (पुणे, माहेर विटा)

तासगावची ताई, शेवटचं वाक्य वाचून आईला फोन लावला. एवढंच.

नादखुळा (पलूस)

मी इथं सगळ्यात धाकटा असणार, कॉलेजला आहे. सगळे मोठे शब्द झाले, आमचा राहिला. 'लय भारी.'

माझ्या मराठीच्या सरांनी सांगितलेलं: गौरव हा शब्द 'गुरु'वरून येतो आणि गुरु म्हणजे मुळात जड. लघु-गुरु मधला गुरु. गौरव म्हणजे वजन, जडपणा. सांगलीत विष्णुदास भावे गौरवपदक देतात, त्यातला गौरव हाच. मग 'भारी' म्हणजे काय? भार असलेलं, जड! म्हणजे आम्ही कबड्डीच्या मैदानावर 'लय भारी' ओरडतो तेव्हा 'गौरव'च म्हणतोय, फक्त आमच्या शब्दात. घरी 'भारी काय बोलतोस, नीट बोल' म्हणून ओरडा बसतो. आता हा धागा दाखवणार.

शब्दवेडा (सातारा)

नादखुळा, इतकी वर्षं शब्द चाळतोय, पण भारी आणि गौरव मी कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. दाखव घरी. माझ्या नावानं दाखव.

गडपायथा (सातारा)

खोट्या स्तुतीच्या शब्दांवर कुणी लिहिलं नाही, एक ओळ टाकतो. 'खुशामत' हा फारसी 'खुश आमद', म्हणजे सुस्वागतम. दारात उभं राहून केलेलं स्वागत उंबरा ओलांडून आत आलं आणि तिथंच मुक्कामाला राहिलं, की त्याची खुशामत होते. हरभऱ्याच्या झाडावर चढवणे मात्र अस्सल आपलं. ज्यानं हरभऱ्याचं रोप बघितलंय त्यालाच त्यातली मेख कळेल. वीतभर ते, त्यावर चढणार किती आणि पडणार किती.

हळदसौदा (सांगली)

कृष्णाकाठची ताई, सगळ्यांनी एवढं लिहिलं, पण एक राहिलं. मुलीला तो शब्द आपोआप सुचला म्हणता. तिच्या आजोबांनी खरंच काही कौतुक केलं होतं का अलीकडं? काय म्हणाले होते?

कृष्णाकाठची (सांगली)

सगळे प्रतिसाद मुलीला वाचून दाखवले. खाशाबांचं वाचताना आवाज बसला, तेव्हा पुढचं तिनं वाचलं. वही घेऊन मी उद्या बाईंना भेटणार आहे. भांडायला नाही. विट्याच्या ताईंचा 'खालून वर'चा प्रतिसाद आणि रघुवंशातला दोरा, एवढंच दाखवणार.

हळदसौदा दादा, तुमचा प्रश्न मी तिला विचारला. झालं असं होतं. दिवाळीला तिनं पहिल्यांदाच एकटीनं आकाशकंदील केला होता, बांबूच्या काड्यांचा, जुन्या पद्धतीचा. सासरे सुतारकाम केलेले. कंदील तिनं त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा केला, आतून बघितला. चष्मा कपाळावर ढकलून एकेका कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. एका जोडाला नखानं हलवून पाहिलं. तो हलला नाही. मग म्हणाले, "हितं दोरा दोनदा फिरवलायस व्हय." आणि खुर्चीवर चढून स्वतःच्या हातानं दाराला बांधला.

मुलीला विचारलं, "मग ते काय म्हणाले म्हणून तुला कौतुक वाटलं?" म्हणाली, "काहीच नाही. त्यांना दोनदा फिरवलेला दिसला."